१२ मार्चला टेबलावर फोटो किती?



आज जरा दिनविशेषाबद्दल बोलायचं आहे. परिपाठात प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार झाला की एक मूल पुढे येतं आणि 'आजचा दिनविशेष' वाचतं. बहुतेक शाळांत तो आदल्या रात्रीच शिक्षकांच्या ग्रुपवर येऊन पडलेला असतो. आपण फळ्यावर उतरवतो, मूल धडाधड वाचून टाकतं आणि पुढे बातम्या सुरू. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात कोणाचं नाव घेतलं गेलं आणि कोणाचं राहिलं, हे आपण फारसं बघत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. एकाच तारखेला दोन मोठी माणसं जन्मलेली असली आणि त्यातलं एक आपल्या भागातलं असलं, तर त्या दिवशी टेबलावर दोघांचे फोटो यायला पाहिजेत. मी बोलतेय ते १२ मार्चबद्दल. त्या दिवशी यशवंतराव चव्हाण यांची जयंती असते, हे आपल्याला पाठ आहे. त्याच दिवशी क्रांतिवीर बाबुराव शेडमाके यांचीही जयंती असते. वर्धा नदीच्या पल्याड चांद्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि अल्याड आमच्या वणी तालुक्यातल्या आदिवासी मोहल्ल्यांतही. शाळेत मात्र बरेच वेळा एकच फोटो निघतो.

पण १२ मार्चकडे यायच्या आधी या 'एकाच तारखेच्या' प्रकाराचं वर्गात काय करायचं ते बघू. कारण मुलांना ही गोष्ट भारी आवडते, आणि आवडते म्हणूनच ती जपून वापरावी लागते.

१९ नोव्हेंबर घ्या. झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि इंदिरा गांधी, दोघींची जन्मतारीख हीच. एक घोड्यावर बसून लढलेली राणी, दुसरी १९७१ च्या युद्धाच्या वेळची पंतप्रधान. फळ्यावर ही दोन नावं एकाखाली एक लिहिली की चौथीतली एखादी पोरगी विचारतेच, "मॅडम, एकाच दिवशी जन्मल्या म्हणून दोघी अशा झाल्या काय?" प्रश्न छान आहे. आपण हसून 'बस खाली' म्हणून सोडून देऊ नये. कारण हाच प्रश्न तिच्या घरी उत्तरासकट येतो. मोबाइलवर फिरणारे मेसेज बघा : अमुक तारखेला जन्मलेले लोक राजे होतात, तमुक मूलांक असला की नेतृत्वगुण असतात. डॉक्टरकडे मुहूर्त बघून सिझरची तारीख मागणारे आई-बापही आता आपल्या ओळखीत निघतात. आणि मग ते लेकरू शाळेत येतं तेव्हा पालक कौतुकाने सांगतात, "शिवजयंतीचा जन्म आहे जी याचा, शूरच निघायला पाहिजे." त्या पोराला अंधाराची भीती वाटत असली तर त्याने ती कोणाला सांगायची?

यावर उपाय म्हणून मी भाषण देत नाही. हजेरीपट काढते आणि मुलांकडून जन्मतारखा मोजून घेते. फक्त दिवस आणि महिना, वर्ष सोडून. वर्गात २३ मुलं असली तर त्यातल्या कोणत्या तरी दोघांची तारीख एक निघण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. ३० मुलं असली तर ती सुमारे ७० टक्के होते. ६० च्या आसपास पट गेला की जवळजवळ खात्रीच. मोठ्या माणसांना हे पटत नाही, ते म्हणतात वर्षात ३६५ दिवस आहेत, ३० पोरांत कसं शक्य आहे? करून बघा. जोड्या किती होतात ते मोजायला सांगा. ३० मुलांच्या ४३५ जोड्या होतात. सातवीच्या पोरांना हा हिशोब जमतो. मग जगातले राजे, सेनापती, पंतप्रधान शेकड्यांनी घेतले तर त्यात सारख्या तारखा निघणारच. न निघाल्या तर नवल. हे मुलांच्या हाताने एकदा सिद्ध झालं की मूलांकाच्या मेसेजची हवा आपोआप कमी होते.

हा उपक्रम करताना आमच्या भागात एक गंमत हमखास होते. मुलांना मी आजी-आजोबांच्या तारखा आधार कार्डवरून आणायला सांगते. निम्मे आजोबा १ जूनला जन्मलेले निघतात, काही १ जुलैला. पोट्टे खूश. "मॅडम, आमचा आबा आणि याचा आबा जुळे!" तुम्हाला कारण माहीतच आहे. त्या काळी घरी तारीख लिहून ठेवायची पद्धत नव्हती. बाप पोराला शाळेत घेऊन आला की गुरुजी त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघत आणि शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने १ जून टाकून मोकळे होत. पुढे ती तारीख दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, पेन्शनमध्ये आणि आता आधारवर. म्हणजे तारीख हीसुद्धा कोणीतरी लिहिलेली गोष्ट असते. हे कळलेलं मूल इतिहासातली तारीखही जरा थांबून वाचतं.

आणि थांबून वाचण्यासारखं पुष्कळ आहे. राणी लक्ष्मीबाईंचं जन्मवर्ष काही ठिकाणी १८२८ दिलेलं असतं, काही ठिकाणी १८३५. हा लहान फरक नाही. त्यांना वीरमरण आलं जून १८५८ मध्ये. एका हिशोबाने तेव्हा त्या २९ वर्षांच्या होत्या, दुसऱ्या हिशोबाने अवघ्या २२. शिवाजी महाराजांच्या जन्माबद्दल तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७, असं एक मत. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हे दुसरं. शासनाने दुसरं मान्य केलं आणि आपण १९ फेब्रुवारीला शिवजयंती करतो. तिथीप्रमाणे करणारे वेगळ्या दिवशी करतात. त्यातही एक बारकावा आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आज आपण भिंतीवर लावतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच शुक्रवार १ मार्च १६३० येतो. मग महाराजांची जयंती १ मार्चला करायची काय? नाही, तसं कोणी म्हणत नाही. पण 'अमक्या सेनापतीचा आणि महाराजांचा वाढदिवस एकच' असा मेसेज आला, तर कोणत्या कॅलेंडरने, हा प्रश्न चौथीच्या मुलालाही विचारता आला पाहिजे. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक आहेच, त्याला जोडून हे सहज सांगता येतं.

१५ ऑक्टोबरचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१. आपण तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतो. राष्ट्रपती या नात्याने ते तिन्ही सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती होते. आणि इतिहासाच्या पुस्तकांत अकबराची जन्मतारीख दिलेली असते १५ ऑक्टोबर १५४२. अकबराला लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगतात. पण त्याच्याकडे पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि तो रोज दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचा. वाचन प्रेरणा दिनाला न वाचणाऱ्या बादशहाची ही गोष्ट सांगून बघा. ज्या मुलाला अजून जोडाक्षरं जमत नाहीत ते मान वर करून ऐकतं. पण लगेच हेही सांगा की अकबराची ती तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरने ती २५ ऑक्टोबर होते. म्हणजे तारीख जुळते म्हणतो तीही खरी जुळत नाहीच. गोष्ट मात्र तरीही चांगली आहे.

नाव जुळलं म्हणून काही होत नाही, तसंच तारखेचं. आता राजूर नावाचीच महाराष्ट्रात निदान तीन गावं आहेत. जालना जिल्ह्यातलं गणपतीचं राजूर, अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं राजूर, आणि आमचं वणीजवळचं कोळशाचं नि चुन्याचं राजूर. बाहेरगावी कोणाला राजूर सांगितलं की पहिला प्रश्न, "गणपतीचं का?" नाही जी, कॉलरीचं.

ते गणपतीचं राजूर भोकरदन तालुक्यात आहे, आणि त्याच जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. त्याची जन्मतारीख १ मे १७६९ मानली जाते. १ मे! आपण झेंडा लावतो, निकाल वाटतो, महाराष्ट्र दिनाची भाषणं करतो तो दिवस. असईनंतर त्याने अकोल्याकडे अडगावला आणि मग गाविलगडावर भोसल्यांना हरवलं. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. आमचा वणीचा भाग नदीच्या पश्चिमेला, चांदा पूर्वेला. म्हणजे १ मे ला जन्मलेल्या त्या माणसाने आमच्या आणि चांद्याच्या मधली नदी ही राज्याची सीमा करून टाकली, आणि १ मे १९६० ला दोन्ही काठ एका महाराष्ट्रात आले. यात दैवी संकेत वगैरे काही नाही. पण मुलांना १८०३ सालचं युद्ध दुसऱ्या कुठल्याच वाटेने इतकं जवळचं वाटणार नाही. तारखेचा योगायोग खुंटीसारखा वापरायचा. त्यावर काय टांगायचं ते आपल्या हातात.

वेलस्लीच्याच वर्षी, १७६९ च्या १५ ऑगस्टला, नेपोलियन जन्मला. पुढे वॉटर्लूला हे दोघे समोरासमोर आले हे आपण वाचलेलं असतं. पण १५ ऑगस्ट हीच जन्मतारीख कर्नाटकातल्या संगोळ्ळी रायण्णाचीही मानतात. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा हा सेनानी इंग्रजांशी लढला आणि २६ जानेवारी १८३१ ला फासावर गेला. जन्म १५ ऑगस्ट, मरण २६ जानेवारी! बेळगाव भागातल्या मराठी कुटुंबांना हे माहीत असतं, आपल्याकडे विदर्भात विचारा, दहांत एकाला माहीत नसतं. दिनविशेषाच्या यादीत नेपोलियन असतो, रायण्णा नसतो.

इथेच माझा मुद्दा आहे. एका तारखेवर दोन नावं आली की एक नाव दुसऱ्याला गिळतं. २ ऑक्टोबरला बघा. गांधीजींचा फोटो, गांधीजींचं भजन, स्वच्छता, आणि शेवटी आभार प्रदर्शनाच्या आधी कोणीतरी म्हणतं, "आज लालबहादूर शास्त्रींचीही जयंती आहे." एक वाक्य. १९६५ च्या युद्धात देश सांभाळलेल्या पंतप्रधानाला एक वाक्य. (सुट्टीत जन्मलेल्यांची तर याहून वाईट गत. संभाजी महाराज १४ मे, अहिल्यादेवी ३१ मे. आपल्या विदर्भात तेव्हा शाळेला कुलूप असतं, त्यामुळे परिपाठात त्यांची जयंती कधी येतच नाही.) शास्त्रीजींचं नाव निदान घेतलं तरी जातं. १२ मार्चला दुसरं नाव अनेक ठिकाणी घेतलंच जात नाही.

बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूरला झाला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी भागात. गोंड जमीनदार घराणं, मोलमपल्लीची जमीनदारी. चांदा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, गादीला औरस वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. झाशीचंही त्याच वर्षी, त्याच कारणाने. राणी लक्ष्मीबाई आणि बाबुराव यांची जन्मतारीख एक नाही, पण दोघांच्या लढ्याचं मूळ एकाच धोरणात आहे. मुलांना सांगायचं असलं तर हे साम्य सांगा.

बाबुरावांनी सुमारे ५०० तरुणांची जंगोम सेना उभी केली. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला. १३ मार्चला नांदगाव घोसरीला इंग्रजांच्या फौजेशी लढाई झाली आणि ती बाबुरावांनी जिंकली. तारखा जुळवून बघा. आदल्याच दिवशी त्यांना पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती. माझ्या वर्गात हा हिशोब फळ्यावर केला तेव्हा एक पोरगा म्हणाला, "म्हणजे आमच्या दादाएवढे." त्याचा दादा तेव्हा वणीला ट्रक चालवायचा. पुढे एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठावरच्या तार खात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टन याने बाबुरावांना पकडून देण्यासाठी १००० रुपयांचं बक्षीस लावलं. लढाईत ते सापडले नाहीत. शेवटी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांनी त्यांना पकडून इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची लक्ष्मीबाई लढता लढता गेली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अहेरीच्या लक्ष्मीबाईंकडून हे झालं. नावावरून माणूस ठरत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगासमोर पिंपळाच्या झाडाला बाबुरावांना फाशी दिली. वय २५ वर्षं, ७ महिने, ९ दिवस. दरवर्षी त्या दिवशी चंद्रपूरला लोक तिथे जमतात.

आणि बरोब्बर ८० वर्षांनंतर, १२ मार्च १९१३ ला, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी यशवंतराव चव्हाण जन्मले. वडील लवकर गेले, आई विठाबाईंनी कष्टाने वाढवलं. शाळेत असतानाच स्वातंत्र्य चळवळीत, ४२ मध्ये भूमिगत, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. आपण शिक्षकांनी तर त्यांना विसरूच नये. त्यांच्याच काळात जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. त्या कायद्याआधी जी समिती नेमली होती तिचे अध्यक्ष आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. गरीब घरच्या मुलांना ई.बी.सी.ची फी माफी मिळाली तीही चव्हाण साहेबांच्या काळात; ज्यांचे वडील त्या सवलतीवर शिकले असे कितीतरी शिक्षक आज आपल्यात आहेत. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात देश अडचणीत आला तेव्हा नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असं तेव्हा म्हटलं गेलं. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले ते मारोतराव कन्नमवार, चांदा जिल्ह्यातलेच. १९६५ च्या युद्धात शास्त्रीजी पंतप्रधान आणि चव्हाण संरक्षणमंत्री.

एकाने भाला-तलवारी घेऊन जंगलातून लढाई केली. दुसऱ्याने कधी बंदूक चालवली नाही, पण लाखोंच्या फौजेची व्यवस्था बघितली. ज्या सरकारविरुद्ध बाबुराव लढले ते जाऊन शंभर वर्षांत आपलं सरकार आलं, आणि त्याचं संरक्षण खातं त्याच तारखेला जन्मलेल्या माणसाकडे होतं. मुलांनी दोघांची तुलना करावी, कोण मोठा असं नव्हे, तर कोणाचं काम काय होतं आणि कोणाविरुद्ध होतं अशी. पाचवी ते सातवीच्या मुलांना एका पानावर मध्ये रेघ मारून दोन्हीकडे चार-चार वाक्यं लिहायला सांगितली तरी पुरे.

आता सहकाऱ्यांच्या तक्रारी. शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी मी हा विषय काढते तेव्हा दोन-तीन गोष्टी ऐकू येतात. पहिली, "मॅडम, परिपत्रकात जेवढी नावं आहेत तेवढी करतानाच दम निघतो." खरंय. जयंत्या खूप झाल्या आहेत आणि फोटो काढून अपलोड करण्यातच अर्धा तास जातो. पण मी नवा दिवस मागत नाहीये. १२ मार्चला टेबल मांडलेलंच असतं, हार आणलेला असतो, मुलं बसलेली असतात. त्यात दुसरा फोटो ठेवायला आणि पाच मिनिटं जास्त बोलायला परवानगी लागत नाही. दुसरी गोष्ट, "यातून जातीपातीचं राजकारण होतं." शेडमाके इंग्रजांशी लढले, फासावर गेले. भगतसिंगांचा फोटो लावताना आपण त्यांची जात विचारतो का? तिसरी गोष्ट जरा हळू आवाजात म्हणतात, "आपल्या वर्गात आदिवासी पोरं किती, चार-पाच तर आहेत."

ही तिसरी मला सगळ्यात जास्त लागते. आमच्या भागातल्या वर्गाचा हजेरीपट वाचा. खाणीच्या कामासाठी बाहेरून आलेल्या घरांची मुलं असतात, गावातली असतात, आणि आत्राम, मडावी, टेकाम, गेडाम असतात. मारेगाव, झरीकडे गेलात तर कोलाम पोडांवरची मुलं असतात, ज्यांच्या घरी मराठी बोललीच जात नाही. या मुलांनी पहिलीपासून भिंतीवर पाहिलेल्या फोटोंत आपल्या आडनावासारखं आडनाव किती वेळा वाचलं असेल? बिरसा मुंडा आता बऱ्याच शाळांत असतात, चांगलं आहे, पण ते झारखंडचे. बाबुरावांना फाशी दिली ती जागा आमच्याकडून एसटीने तासा-दीड तासावर. आणि पोरं चार असली काय नि चाळीस असली काय, उरलेल्या मुलांनाही कळायला नको का, की १८५७ चा लढा मेरठ नि झाशीतच झाला नाही, नदीपलीकडे चांद्याच्या जंगलातही झाला?

पालकांना एक विनंती आहे. घरी मोबाइलवर दिनविशेष येतो तेव्हा मुलाबरोबर वाचा आणि एक प्रश्न विचारा : या तारखेला आणखी कोण जन्मलं असेल, आपल्या बाजूचं? ज्यांच्या घरी शेडमाके जयंती होते त्यांनी १२ मार्चला शाळेत यावं. आजोबा आले तर फारच छान. बाबुरावांवरची गोंडी गाणी ज्यांना येतात त्यांनी ती मुलांपुढे म्हणावीत. शिक्षकांना गोंडी येत नसली तरी चालेल, वर्गातलीच मुलं मराठीत सांगतील, आणि त्या दिवशी वर्गातलं सगळ्यात जास्त कळणारं मूल ते असेल.

फोटो कुठून आणायचा, हा प्रश्न राहिला. टपाल खात्याने १२ मार्च २००९ ला बाबुराव शेडमाके यांच्यावर तिकीट काढलं आहे. त्यावरचं चित्र मोठं करून ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट काढायची आणि लॅमिनेट करायची. वणीला कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात होतं. चव्हाण साहेबांचा फोटो ऑफिसच्या कपाटावर असेलच, त्याच्यावरची धूळ पुसून घ्या. हार दोन लागतील.